गड सर्वांचा, मग त्याची प्रत कोणाची?

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्याचा आनंद आपण केला आणि तो रास्तच होता. आता या गडांवर जगभरचे पर्यटक येतील, आणि त्यांच्याबरोबर लेझर स्कॅनर आणि ड्रोन घेऊन आणखीही कोणी येतील. त्यांत गेम बनवणाऱ्या कंपन्या असतील, घरबसल्या गडदर्शन विकणारे असतील, चित्रपटांना त्रिमितीय देखावे पुरवणारे स्टुडिओ असतील. यांच्यापैकी कोणी महादरवाजापासून टकमक टोकापर्यंत रायगडाचा दगडन् दगड मोजून नेला, तर त्या मोजणीतून संगणकात उभ्या राहणाऱ्या रायगडाचा मालक कोण?

माझे उत्तर आहे, कोणीही नाही. मोजणारी कंपनी नाही आणि परवानगी देणारे सरकारही नाही. हे उत्तर मोठमोठे करार होण्याआधी कागदावर यायला हवे, कारण करार झाल्यावर ते द्यायला कोणी मोकळे राहत नाही.

प्रतींचा हा प्रश्न आपल्या भूमीला नवा नाही. अजिंठ्याने तो फार पूर्वी भोगला आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्यांनी आयुष्याची जवळपास दोन दशके त्या कामात घातली. नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६च्या डिसेंबरात तिथे लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे १८७२पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत कामाला बसले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतलेच. १८८५पर्यंत हे काम चालले. त्या नकलाही लंडनलाच गेल्या आणि १८८५ सालीच साउथ केन्सिंग्टनमध्ये आग लागून त्यांतल्या शंभराहून अधिक नष्ट झाल्या. उरल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. या खटाटोपात भिंतींवरची चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर वार्निश चढवले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि मूळ चित्रांनाच बाधले.

ग्रिफिथ्स १९१८ साली वारले. त्यांच्या नकलांवरचे हक्क कधीच संपले. तरीही संग्रहालयाने काढलेली त्या नकलांची छायाचित्रे एखाद्या मराठी प्रकाशकाला विक्रीच्या दिनदर्शिकेवर छापायची असतील, तर लंडनकडून पैसे मोजून परवाना घ्यावा, असा त्या संग्रहालयाचा नियम आहे. अभ्यासासाठी वापर मोफत आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पण लेणी सह्याद्रीच्या रांगेतली, कुंचले मुंबईच्या मुलांचे आणि धंद्याचा परवाना साउथ केन्सिंग्टनचा, ही परिस्थिती ज्या एका कारणाने उद्भवली ते विसरता येत नाही. नकला ज्याच्या ताब्यात गेल्या, अटी त्याच्या झाल्या. चित्रकारांनी किंवा लेण्यांनी काही सांगावे अशी सोयच नव्हती.

आजची प्रत भिंतीला हात लावत नाही. स्कॅनर उभा केला की तो चहूबाजूंना लेझर किरण सोडतो. प्रत्येक किरण जिथे आदळून परततो त्या जागेचे अंतर नोंदले जाते, आणि अशा कोट्यवधी बिंदूंचा एक ढग संगणकात साठतो. त्यावर छायाचित्रांतले रंग चढवले की वास्तू उभी राहते. या कामाचे मोल पॅरिसने दाखवून दिले. व्हॅसर कॉलेजचे कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी नोत्र दामची अशी मोजणी करून अब्जाहून अधिक बिंदू जमवले होते. ते २०१८च्या नोव्हेंबरात वारले आणि पाचच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१९ला, त्या कॅथेड्रलचे छप्पर जळाले. पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या हाती त्यांची मोजणी होती. त्याच नोत्र दामची दुसरी एक प्रत युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ साली ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेमसाठी केली होती. ती विकण्यासाठीच होती आणि खेळाच्या सोयीने बदललेलीही होती. तरी पॅरिसला कधीही न गेलेल्या असंख्य तरुणांना ते कॅथेड्रल आतून बाहेरून ठाऊक झाले ते तिच्यामुळे. व्यापारी प्रत म्हणजे विटंबना, असे धरून चालणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. सिंधुदुर्गाच्या तटावर चढून पाहणारा खेळाडू उद्या ब्राझीलमध्ये असेल तर मला त्याचा आनंदच होईल.

कायदा काय म्हणतो? रायगडाच्या बांधणीवर कोणाचा कॉपीराइट नाही. गड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरले ते सेवक म्हणून. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याने निर्मात्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. कलम ५२ तर आणखी मोकळे आहे. काल बांधलेल्या इमारतीचेही चित्र किंवा छायाचित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे हा त्या कायद्याने भंग ठरत नाही. त्रिमितीय प्रतिकृतीचा उल्लेख त्या कलमात नाही, त्यामुळे नव्या इमारतींबाबत वाद होऊ शकतो. शिवकालीन तटाबुरुजांबाबत तो होण्याचे कारण नाही.

मग स्कॅन करणाऱ्याने घाम गाळला, यंत्रे आणली, महिनाभर माणसे राबवली, त्याला त्या स्कॅनवर नवा हक्क मिळतो का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७च्या डिसेंबरात ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात याचे सूत्र दिले आहे. वाद न्यायालयीन निकालांच्या संपादित प्रतींचा होता, पण न्यायालयाने घालून दिलेली कसोटी इथेही लागते. केवळ श्रम आणि भांडवल पुरेसे नाही, कामावर करणाऱ्याच्या स्वतःच्या सर्जनाची निदान थोडी तरी छाप हवी. अमेरिकेत २००८ साली टोयोटा गाड्यांच्या हुबेहूब त्रिमितीय मॉडेलांवर हक्क सांगणाऱ्या मेशवर्क्स या कंपनीला अपील न्यायालयाने याच न्यायाने परत पाठवले. कौशल्य मान्य, पण जे होते तेच उतरवले आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात हक्क संपलेल्या दृश्यकलाकृतींच्या जशाच्या तशा प्रतींवर नवा कॉपीराइट बसणार नाही, असे लिहूनच टाकले. तेव्हा रायगडाची प्रत जितकी प्रामाणिक, तितका तिच्यावरचा मालकीचा दावा लंगडा. एखाद्याने गड बदलून, त्यात बाजारपेठ गजबजवून, पात्रे घालून गेम केला तर ती त्याची निर्मिती आहे आणि तिच्यावर त्याचा हक्क पूर्ण आहे. तो हक्क त्याने घातलेल्या भरीवर असतो. खालचा गड तिच्यामुळे त्याचा होत नाही.

इतके स्पष्ट असताना मी अस्वस्थ का आहे? कारण प्रत अडवून ठेवायला कॉपीराइट लागतच नाही. दार पुरते. संरक्षित स्मारकात साधा ट्रायपॉड उभा करायचा तरी परवानगी लागते. स्कॅनर आणि ड्रोन तर दूरच. २०१८ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आपल्या स्मारकांत छायाचित्रणावरची बंधने सैल केली तेव्हाही अजिंठा लेणी, ताजमहालातली समाधी आणि लेहचा राजवाडा ही ठिकाणे वगळली होती. नाजूक जागी बंधन असणे योग्यच आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की आत जाऊन मोजणी करण्याची संधी थोड्यांनाच मिळणार, आणि ज्याला ती मिळाली त्याच्या हार्ड डिस्कमध्ये एक अशी वस्तू तयार होणार जी दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याने ती कुलपात ठेवली तर कोणता कायदा ती उघडणार? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१०च्या डिसेंबरात प्रशियाच्या राजवाड्यांबाबत असाच निवाडा दिला. रस्त्यावरून काढलेले छायाचित्र कोणीही विकावे, पण आवारात शिरून काढलेल्या छायाचित्राचा धंदा करायचा तर मालकाची परवानगी हवी. वास्तूवरचा हक्क संपला तरी उंबरठ्यावरचा हक्क शिल्लक राहतो. आपल्या गडांचा उंबरठा सरकारच्या हाती आहे. म्हणजे सगळे भवितव्य परवान्याच्या कागदावर लिहिलेल्या अटींवर आहे.

या अधिकाराचा मोह सरकारांना कुठवर नेतो ते इटलीकडे पाहिले की समजते. इटलीच्या २००४च्या सांस्कृतिक वारसा संहितेने सार्वजनिक संग्रहांतल्या कलाकृतींची प्रतिमा धंद्यासाठी वापरणाऱ्याने परवानगी घ्यावी आणि शुल्क भरावे, असे ठरवले. कलाकृती पाचशे वर्षांपूर्वीची असली तरी. लिओनार्दो दा विंचीने १४९०च्या सुमारास काढलेले ‘विट्रुव्हियन मॅन’ हे रेखाटन व्हेनिसच्या अकादमी संग्रहालयात आहे. वर्तुळात आणि चौकोनात हातपाय पसरून उभा असलेला तो माणूस इटलीच्या एक युरोच्या नाण्यावरही आहे. राव्हेन्सबर्गर ही जर्मन कंपनी त्या चित्राचे हजार तुकड्यांचे कोडे विकत होती. संग्रहालयाने विक्रीतला वाटा मागितला, कंपनीने नाकारला आणि २०२२ साली व्हेनिसच्या न्यायालयाने विक्री थांबवण्याचा हुकूम काढला. पाळायला उशीर झाल्यास दिवसाला दीड हजार युरो दंड. विक्री इटलीतच नव्हे, जगभर थांबवावी, अशी त्या हुकमाची व्याप्ती होती. कंपनी आपल्या देशातल्या न्यायालयात गेली आणि २०२४च्या मार्चमध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने सांगितले, की इटलीचा कायदा इटलीच्या सीमेवर थांबतो.

फ्लॉरेन्समधले दुसरे प्रकरण मला अधिक विचार करायला लावते. एका फॅशन मासिकाने मुखपृष्ठावर अशी छपाई केली, की पान हलवताच मायकेलॅन्जेलोच्या डेव्हिडच्या जागी एक मॉडेल दिसावा. २०२३ साली न्यायालयाने प्रकाशकाला पन्नास हजार युरो भरायला लावले. त्यांतले वीस हजार परवानगी न घेतल्याबद्दल होते आणि तीस हजार त्या शिल्पाची प्रतिमा हीन केल्याबद्दल. न्यायालयाचा युक्तिवाद असा, की जसा व्यक्तीला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क असतो, तसाच राष्ट्राला आपल्या सामूहिक ओळखीच्या प्रतिमेवर असतो. हा युक्तिवाद ऐकून आपल्याकडे अनेकांच्या मनात टाळी वाजेल. मलाही त्यातले दुःख कळते. पण ज्या कायद्याने वीस हजार घेऊन परवानगी दिली असती, त्याला विटंबनेची खरी चाड आहे असे मानता येत नाही. मान आणि मोबदला ही दोन वेगळी खाती आहेत. ती एकत्र केली की मानाच्या नावाने वसुली सुरू होते आणि तिचा पहिला फटका बड्या मासिकाला बसत नाही, अभ्यासकाला बसतो. इटलीच्या संस्कृती मंत्रालयाने २०२३च्या एप्रिलमध्ये किमान दरपत्रक काढले, तेव्हा पुस्तकात चित्र छापू पाहणारे कला-इतिहासकारही त्यात अडकले. त्यांनी इतका विरोध केला, की वर्षभरात त्या दरपत्रकात दुरुस्ती करावी लागली.

फ्रान्सनेही २०१६च्या कायद्याने शाँबोरच्या राजवाड्यासारख्या राष्ट्रीय वास्तूंच्या प्रतिमेचा धंद्यासाठी वापर परवानगीखाली आणला. मूळ तक्रार एका बिअर कंपनीच्या जाहिरातीची होती. हे दोन्ही देश वारशावर प्रेम करणारे आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण वारसा जपण्यासाठी लागणारा पैसा प्रतिमेवर जकात बसवून मिळवायचा, ही वाट चुकीची आहे. आपल्या सरकारने तिच्यावर पाऊल टाकू नये.

मुंबईत या गोष्टीचे तिसरे रूप दिसते. अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलच्या दर्शनी रूपाला २०१७ साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळाली. अशी नोंदणी मिळालेली ती भारतातली पहिली इमारत. १९०३ साली उघडलेल्या या हॉटेलचे आराखडे सुरुवातीला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केले आणि वैद्यांच्या मृत्यूनंतर चेंबर्स यांनी काम पुरे केले. त्या रचनेवरचा कॉपीराइट केव्हाच इतिहासजमा झाला. व्यापारचिन्हाला मात्र मरण नाही. दर दहा वर्षांनी फी भरून ते पुढे नेता येते. हॉटेल खासगी आहे, त्याचा घुमट ही त्याची व्यापारी ओळख आहे, आणि ती खोट्या वस्तूंपासून जपण्याचा त्याला हक्क आहे. कायद्यानेही हे संरक्षण ग्राहकाची दिशाभूल रोखण्यापुरते आहे. पण फोर्टच्या पदपथावर कापडी पिशव्यांवर मुंबईचे चित्र छापून विकणाऱ्याला ही मर्यादा कोण समजावणार? त्याला एक नोटीस आली की तो छापणे बंद करतो. उद्या कोणी प्रतापगडाच्या बुरुजांची रेषाकृती किंवा विजयदुर्गाचा समुद्राकडून दिसणारा आकार अशाच नोंदणीसाठी नेला, तर ती थोपवायला सरकार जागेवर असले पाहिजे. हॉटेलसमोरच्या गेटवे ऑफ इंडियाचे चित्र आज कोणीही विकू शकतो, आणि त्याने त्या कमानीचे काहीही कमी झालेले नाही.

सरकारी संस्था स्वतःच प्रत दाबून बसते तेव्हा काय होते, हे बर्लिनने दाखवले आहे. राणी नेफरतितीचा रंगीत अर्धपुतळा १९१२ साली जर्मन उत्खननात इजिप्तच्या अमार्ना इथे मिळाला आणि बर्लिनला गेला. इजिप्त तो परत मागत आले आहे. बर्लिनच्या संग्रहालयाकडे त्या पुतळ्याचा उत्तम त्रिमितीय स्कॅन २००८ पासून होता, पण तो लोकांना दिला जात नव्हता. कॉझ्मो वेनमन या अमेरिकी कलाकाराने माहितीच्या अधिकाराखाली तो मागितला. तीन वर्षे टोलवाटोलवी झाली. स्कॅन दिला तर दुकानातल्या प्रतिकृतींची विक्री बुडेल, असे संग्रहालयाचे म्हणणे होते. वेनमन यांनी मिळकतीचे आकडे मागवले, तेव्हा त्यांच्या सांगण्यानुसार दहा वर्षांत त्या स्कॅनमधून पाच हजार युरोही मिळालेले नव्हते. शेवटी २०१९ साली फाइल हाती आली. तिच्यात नेफरतितीच्या तळाशी, संगणकातल्या त्या सपाट बुडावर, परवान्याच्या अटी अक्षरांनी कोरलेल्या होत्या. व्यावसायिक वापर करू नये, असे त्यांत होते. तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराच्या कामावर एका सरकारी कचेरीने लावलेला हा शिक्का पाहून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. कैरोतल्या एखाद्या कारागिराला त्या फाइलवरून प्रतिकृती करून विकायची असेल तर त्याने बर्लिनची अट पाळायची?

याच्या अगदी उलट टोकाला एक सीरियन तरुण उभा आहे. बासेल खारताबिल हा दमास्कसचा संगणकतज्ज्ञ खुल्या ज्ञानाचा कार्यकर्ता होता. पाल्मिराच्या प्राचीन नगरीचे त्रिमितीय रूप तयार करण्याचे काम त्याने हाती घेतले होते. २०१२च्या मार्चमध्ये त्याला अटक झाली. तो तुरुंगात असतानाच २०१५ साली इस्लामिक स्टेटने पाल्मिरातली मंदिरे आणि विजयकमान उडवून दिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या मित्रांनी त्याचे अपुरे काम ‘न्यू पाल्मिरा’ या नावाने पुढे नेले आणि सगळी मॉडेले कोणत्याही हक्काशिवाय, धंद्यासकट कोणत्याही वापरासाठी जगाला देऊन टाकली. त्याच सुमाराला सीरियाच्या सरकारने त्याला ठार मारले होते. घरच्यांना ते २०१७ साली कळले. दरम्यान २०१६च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पाल्मिराच्या कमानीची संगमरवरी प्रतिकृती समारंभपूर्वक उभी राहिली. ती इटलीत यंत्राने कोरून घेतली होती आणि मुळापेक्षा लहान होती. ती न्यू यॉर्क आणि दुबईलाही फिरली. सीरियन लोकांना विचारले कोणी, हा प्रश्न तेव्हा अनेक पुरातत्त्वज्ञांनी केला. त्या समारंभाविषयी काहीही म्हटले तरी पाल्मिराची मोजमापे ज्याला हवी त्याला आज मिळतात, याचे श्रेय बासेलच्या बाजूला जाते. तो आपल्या देशाच्या इतिहासाची किंमत जाणत होता, आणि म्हणूनच त्याने तिला कुलूप लावले नाही.

इथे एक आक्षेप येणार आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. गड खुले केले तर कोणीतरी रायगडावरच्या समाधीसमोर गोळीबाराचा खेळ रचेल, त्याचे काय? हे कल्पनेतले संकट नाही. सोनी कंपनीच्या एका गेममध्ये मँचेस्टर कॅथेड्रलच्या आत चकमक दाखवली होती. २००७ साली तिथल्या धर्मगुरूंनी संताप व्यक्त केला, आणि सोनीने जाहीर माफी मागितली. लक्षात घेण्यासारखे हे, की त्यांच्या तक्रारीचा गाभा शुल्क नव्हते, पावित्र्य होते. आपल्याकडे याची वाट आधीच आहे. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला बंदी करणाऱ्या १९५०च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे. त्यांचा व्यापारी वापर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. हा कायदा दरपत्रक काढत नाही, मर्यादा सांगतो. समाधी, मंदिर, दर्गा अशा जागांसाठी काय चालणार नाही हे असेच नेमके लिहावे, आणि तेवढ्यावर थांबावे. संताप येईल म्हणून सगळा गडच झाकून ठेवणे हा उपाय नव्हे.

कारण गडांच्या प्रती करणे ही आपली जुनी रीत आहे. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला करणारी मुले कोणाची परवानगी मागत नाहीत, आणि आपल्यापैकी कित्येकांना बुरूज, माची, बालेकिल्ला हे शब्द त्या चिखलातूनच कळले. तीच मुले मोठी होऊन नाशिक-कोल्हापुरात संगणकावर गड उभे करत आहेत. त्यांना शासनाच्या मोजणीची अचूक फाइल फुकट मिळाली तर ती परदेशी कंपनीच्या तोडीचे काम करतील. केवळ ‘अव्यावसायिक वापरासाठी’ मिळाली तर करणार नाहीत, कारण त्यांना त्यावर पोट भरायचे आहे. धंद्याला मनाई करणारा परवाना बड्यांना अडवत नाही. त्यांच्याकडे स्वतःचे स्कॅनर आणि वकील असतात. अडतो तो गावातला मुलगा.

तेव्हा मागणी काय? बारा गडांपैकी आठ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. दोघांच्या परवान्यात एकच मजकूर असावा. जो कोणी गडाची त्रिमितीय मोजणी करेल त्याने मूळ डेटा, म्हणजे बिंदूंचा कच्चा ढग आणि छायाचित्रे, काम संपताच खात्याकडे जमा करावा. त्याला आपल्या गुंतवणुकीचा लाभ घ्यायला वर्ष-दोन वर्षे द्यावीत, मग तो डेटा धंद्यासकट सर्व वापरांसाठी खुला व्हावा. कोणालाही एकाधिकार देऊ नये, मग तो कितीही मोठी देणगी घेऊन आलेला असो. गडाच्या आकृतीवर व्यापारचिन्ह मागणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे. आणि सरकारी पैशाने झालेल्या मोजणीवर खात्याने स्वतःचा कॉपीराइट सांगू नये. आपल्या कायद्यात सरकारी कामावर साठ वर्षांचा हक्क सांगण्याची सोय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहावे लागते.

पैसे घ्यायचे तर गडावर येण्याचे घ्यावेत, आणि चांगले घ्यावेत. दिवसाचे भाडे, रखवालदाराचा पगार, ड्रोनची देखरेख, पायथ्याच्या गावातून घेतलेल्या माणसांची मजुरी, हे सगळे मोठ्या स्टुडिओला सहज परवडते. त्या पैशातून खात्याने आधी साठवणुकीची व्यवस्था करावी. असा डेटा प्रचंड असतो, डिस्क खराब होतात, फाइलींचे प्रकार काही वर्षांत जुने होतात, आणि दोन वेगळ्या शहरांत प्रती ठेवून त्या नियमाने तपासणारी माणसे लागतात. खात्यात अशी पदे निर्माण करावी लागतील आणि त्यांची तरतूद दरवर्षीच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र दाखवावी लागेल.